आबांचा आवाज निडीच्या शेतात

माझ्या सासऱ्यांचा आवाज मी एकदा निडीच्या शेतात हरवला.

फक्त आवाज. सासरे स्वतः पेणला, आपल्या घरी, आरामखुर्चीत सुखरूप होते. (वाचकांनी घाबरू नये. घाबरायचं काम तेव्हा मी एकट्यानेच भरपूर करून ठेवलं आहे.)

माझे सासरे, म्हणजे आमचे आबा, हे पेणमधले नावाजलेले भजनीबुवा. त्यांनी ओटीवर बसून अभंगाला सुरुवात केली की पलीकडच्या आळीत तव्यावरच्या भाकऱ्या करपायच्या, कारण भाकरी उलटायचं कुणाला भानच राहायचं नाही. अशा माणसाला घशाचं दुखणं झालं. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज. ज्यांनी आयुष्यभर माईकला हात न लावता मंडप भरला, त्यांना घरात चहा मागायला टाळी वाजवावी लागू लागली. आबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही (करणार तरी कशी!), पण त्यांनी भजनाला जाणं सोडलं आणि चिपळ्या कपाटात ठेवून दिल्या. मला ते बघवत नसे.

त्यांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता. माझ्याकडे.

माझ्याकडे स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. तोही व्हॉल्व्हचा! नव्वदच्या दशकात सगळं रोहा हातात मावणाऱ्या कॅसेटी ऐकत असताना मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या आमच्या दोन खोल्यांत हे धूड बाळगून होतो. धाटावला मी ज्या कंपनीत होतो तिथले एक म्हातारे साहेब निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा त्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं. उचलायला दोन माणसं आणि ठेवायला एक अख्खं टेबल लागे. बटण दाबलं की आधी काहीच होत नसे. मग आतले व्हॉल्व्ह हळूहळू लालसर व्हायचे, तापलेल्या धुळीचा वास यायचा, पुढचा दिव्याचा हिरवा डोळा किलकिला व्हायचा आणि मगच यंत्र घसा साफ करून बोलायला तयार व्हायचं. तोवर बायको भात टाकून, वरण उतरवून मोकळी झालेली असे.

पण आवाज! अहाहा! कॅसेटमधला गायक शेजारच्या घरात गातोय असं वाटतं, माझ्या यंत्रातला गायक तुमच्या सतरंजीवर मांडी घालून बसायचा. अर्थात त्यासाठी सेवाही तशी लागे. दर रविवारी मी कापसाला स्पिरिट लावून त्याचे हेड पुसायचो, रबराची चाकं पुसायचो, व्हॉल्व्ह एकेक काढून त्यांचे पाय घासायचो.

"इतक्या मायेनं माझे पाय कधी चेपलेत का?" आमची शैला दारातून विचारायची.

"तुझ्या पायांना गंज चढत नाही," मी म्हणायचो. (यावर त्या दिवशी मला जेवण उशिरा मिळे.)

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्यावर दोन रिळं असतात. डावीकडच्या रिळावर टेप गुंडाळलेली असते, उजवीकडचं रिकामं असतं. गाणं वाजत जातं तशी टेप डावीकडून निघून उजवीकडे गुंडाळली जाते. शेवटी डावं रिकामं आणि उजवं भरलेलं. सर्वसाधारण माणूस अशा वेळी टेप उलटी गुंडाळून पुन्हा मूळ रिळावर आणतो. पण मी सर्वसाधारण माणूस नव्हतो, मी शौकीन होतो! ऐकून झालेली टेप तशीच राहू द्यावी, पुन्हा लावायच्या वेळीच उलटी गुंडाळावी, म्हणजे ती टिकते, असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, आणि ते मी वेदवाक्य मानलं होतं.

तर आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत हे धूड पेणला नेऊन मी आबांचं भजन भरून घेतलं होतं. रिळावर पांढरी चिठ्ठी डकवून त्यावर 'आबा' असं ठळक लिहिलं होतं. खोक्यावरही 'आबा'. माझ्या संग्रहात तेवढ्या एकाच रिळावर नाव होतं. बाकीची बिननावाची, कारण त्यांच्यात विशेष काही नव्हतं. हां, एक टेप विशेष होती. तिच्यावर माझं स्वतःचं गाणं होतं. लग्नाआधी, घरात कुणी नसताना भरलेलं. माझा गळा गोड आहे असं माझं प्रामाणिक मत होतं. शैलाचं मत मी विचारलं नव्हतं. ती टेप लागली की ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची, त्यावरून साधारण अंदाज यायचा.

ऑपरेशननंतर दोन वर्षांनी, दसरा झाला आणि आबांची पंच्याहत्तरी आली. माझा मेहुणा विजू रोह्याला येऊन म्हणाला, "भावजी, आबा काय कार्यक्रम करू देत नाहीत. म्हणतात, मुक्या माणसाची कसली पंच्याहत्तरी?"

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मी म्हटलं, "विजू, भजनी मंडळाला सांग, मृदंग, टाळ, पेटी घेऊन ओटीवर बसा. गाणार आबाच. माझं मशीन आबांचा आवाज लावेल आणि मंडळ साथ करील!"

विजूने माझ्याकडे जसं बघितलं तसं त्याने त्याआधी कधी बघितलं नव्हतं. (त्यानंतरही नाही.) पेणहून निरोप आला, आबांनी कपाटातून चिपळ्या काढायला सांगितल्या आहेत. ते ऐकून शैला रडलीच. मला म्हणाली, "तुमच्या त्या डब्याला मी इतकी नावं ठेवली, आता नाही ठेवणार."

आणि मग सुरू झाला घोळ.

आदल्या आठवड्यात मी आबांची टेप लावून तपासली. फर्स्ट क्लास! त्या आनंदात मग स्वतःचंही गाणं ऐकलं. (दार लोटलं गेलं.) शनिवारी सकाळी कंपनीतल्या एका मित्राचा टेम्पो पेणला जाणार होता, त्यात यंत्र गादीत गुंडाळून चढवलं. टेपा मात्र मी कुणाच्या हाती देणार नव्हतो. त्या रविवारी माझ्या पिशवीतून, माझ्या मांडीवरून येणार होत्या. पण पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. चामड्याच्या चपलेपासून लोणच्यापर्यंत सगळ्याला बुरशी. आबांच्या खोक्यालाही कुबट वास येत होता. म्हटलं, ऑक्टोबरची हवा कोरडी आहे, जरा वाऱ्यावर ठेवू. रीळ खोक्यातून काढलं आणि पुढच्या दारी कट्ट्यावर, सावली बघून, फडक्यावर ठेवलं.

आता हिराबायबद्दल सांगायला हवं. हिराबाय निडीची. सकाळच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन रोह्यात यायची आणि अष्टमीपर्यंत फिरायची. तिचं भात पिकायला आलं होतं आणि पाखरांनी उच्छाद मांडला होता. शेतात काठ्या रोवून त्यांना कॅसेटची पट्टी ताणून बांधली की ती उन्हात चकाकते, वाऱ्यावर गुणगुणते आणि पाखरं बिचकतात. तेव्हा त्या भागात निम्मी शेतं अशी पट्ट्यांनी बांधलेली असायची. हिराबाय कधीची माझ्या मागे लागली होती, "दादा, तुमच्याकडं पट्ट्यांचा कारखाना हाय. एक खराब दिली तर काय बिघडतं?" मी खराब झालेल्या कॅसेटी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या, पिशवी त्याच कट्ट्यावर ठेवली आणि कामावर जाताना शैलाला ओरडून सांगितलं, "हिराबाय आली की म्हणावं, कट्ट्यावरची टेप घेऊन जा!"

संध्याकाळी घरी आलो. कट्ट्यावर कॅसेटींची पिशवी होती. फडकं होतं. फडक्यावर काहीही नव्हतं.

"शैला, कट्ट्यावरची टेप?"

"दिली की हिराबायला. मी आत पोळ्या करत होते, तिथूनच सांगितलं, कट्ट्यावरची टेप घेऊन जा. तुम्हीच तर सांगून गेलात!"

मी 'आबा' लिहिलेलं रिकामं खोकं तिच्यासमोर धरलं. ती खोक्याकडे बघत राहिली. मग ती मटकन पाटावर बसली. मी शिव्या खायला तयार होतो, पण ती काहीच बोलली नाही. नवरा म्हणून मला एवढा अनुभव आहे की बायको ओरडते तेव्हा प्रकरण निभावतं, ती गप्प बसते तेव्हा काही खरं नसतं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आबांचा आवाज पाखरं हाकलायला गेला हो."

रविवारी पहिल्या गाडीने आम्ही दोघं निडीला उतरलो. कार्यक्रम संध्याकाळचा होता. अंगावर कार्यक्रमाचे कपडे होते, म्हणजे माझा पांढरा झब्बा आणि शैलाचं लग्नातलं नारायणपेठ. रूळ ओलांडून, बांधांवरून विचारत विचारत हिराबायचं शेत गाठलं. लांबूनच दिसलं. पिवळ्याधमक भातावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आबांचा आवाज ताणून बांधला होता! सकाळच्या उन्हात लखलखत होता. वारा आला की सगळी भजनावली थरथरायची.

बांधावर हिराबायचं पाण्याचं मडकं होतं. मडक्यावर झाकण म्हणून माझं रिकामं रीळ. वर ठळक अक्षरात 'आबा'. शेवटची आशा मावळली.

हिराबाय विळा घेऊन उभी राहिली. "काय गो शैलाताय, शेत बघाया आला का? दादा, पट्टी लय मजबूत दिली हो तुमी. कॅसेटीची तुटते, ही दातानं तोडताना दात दुखला माझा."

दातानं तोडताना! मी बांधावरूनच हात पुढे केला. "हिराबाय, ही पट्टी परत पाहिजे."

"परत? कालच दिली नि आज परत? दादा, लहान पोरं करतात असं."

"अगं, चुकून गेली. त्यात माझ्या वडलांचं भजन आहे," शैला म्हणाली. "त्यांचा आवाज गेलाय गो. एवढाच राहिलाय."

हिराबायने एकदा शेताकडे पाहिलं, एकदा शैलाकडे. मग विळा बांधावर ठेवला. "आदी सांगायचं ना! अहो, पण कालपासून सगळी ताणली मी. आता काढाया लागंल. चला."

मी रिळाच्या भोकात पेन्सिल घालून बांधावर उभा राहिलो आणि फिरवू लागलो. शैला आणि हिराबाय भातातून एकेका काठीवरून पट्टी सोडवत माझ्याकडे यायच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण पट्टीला दव होतं, पट्टीला पीळ होते आणि पट्टीचे तुकडे होते. कुठला तुकडा आधीचा, कुठला नंतरचा? कुठलं तोंड, कुठली शेपटी? मी बांधावरून सूचना देत होतो, "उलटी धरू नका! चकचकीत बाजू वर! ओढू नका, अभंग लांबेल!"

"दादा, तुमी खाली उतरून बोला," हिराबाय म्हणाली.

उतरलो. भाताचं शेत वरून कोरडं दिसतं, आत नसतं. पहिल्याच पावलाला मी घोट्यापर्यंत, दुसऱ्याला पोटरीपर्यंत आणि तिसऱ्याला पाठीवर होतो. पण हात वर होता! हातात रीळ होतं! पांढऱ्या झब्ब्याचा मागचा भाग त्या दिवसानंतर पुन्हा कधी पांढरा झाला नाही.

एक तुकडा सापडेना. शैलाने शेतभर शोधलं. शेवटी हिराबाय म्हणाली, "अगो बाय, तो तिकडं!" कोपऱ्यातल्या बुजगावण्याच्या कमरेला तिने तो करगोट्यासारखा गुंडाळला होता. मी त्या बुजगावण्याच्या समोर गुडघे टेकून त्याचा करगोटा सोडवत होतो, तेव्हा बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला, थोडा वेळ बघत राहिला आणि मला रामराम न करताच निघून गेला.

कॅसेटींची पिशवी मी आठवणीने आणली होती, ती हिराबायच्या हातात दिली, आणि पेणची गाडी पकडायला आम्ही चिखलासकट पळालो.

गाडीत मी बाकावर दुकान मांडलं. टेप जोडायची पट्टी आणि ब्लेड माझ्या खिशात कायम असतं (शौकीन!). नागोठणं आलं, गेलं, मी मान वर केली नाही. तुकडा तिरका कापायचा, तोंडाला तोंड लावायचं, मागून चिकटपट्टी, गुंडाळायचं. मध्येच टेपेत भाताची लोंब निघायची. एक बारका हिरवा किडा निघाला, तोही रिळावर एक वळसा घेऊन आला होता. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ बराच वेळ बघत होते. त्यांनी न राहवून विचारलं, "जाळं विणताय?"

"नाही. सासऱ्यांना जोडतोय," मी म्हणालो. ते उठून दुसऱ्या बाकावर गेले.

पेणला पोचलो तेव्हा ओटी भरली होती. सतरंज्या अंथरल्या होत्या, भजनी मंडळ मांडी ठोकून बसलं होतं, मृदंगावर अण्णा. अण्णांनी तीस-चाळीस वर्षं आबांना साथ केलेली. मध्ये टेबलावर माझं यंत्र, त्याला झेंडूची माळ. त्याच्या समोर आबा. नवं धोतर, नवी टोपी, हातात चिपळ्या. माझा अवतार बघून विजू दचकला, "भावजी, हे काय?"

"बांधावरून पाय घसरला," मी म्हणालो. हे खरंच होतं. बांध कुठला ते त्याने विचारलं नाही.

आबांनी मला जवळ बोलावलं. माझा हात हातात घेतला, दाबला. मला एकदम जाणवलं की या माणसाने दोन वर्षं स्वतःचा आवाज ऐकलेला नाही. मनात म्हटलं, पांडुरंगा, मध्ये चार ठिकाणी चिकचिकेल, एखादी ओळ मागेपुढे होईल, पण त्यांना त्यांचा आवाज ऐकू दे.

टेप लावली. बटण दाबलं. व्हॉल्व्ह लालसर झाले. हिरवा डोळा किलकिला झाला. अण्णांनी मृदंगावर हात ठेवला. आबांनी चिपळ्या उचलल्या.

आणि यंत्रातून आवाज आला, "नमस्कार रसिकहो! आता आपल्यासमोर एक दर्दभरं गीत सादर करत आहे..."

तो आवाज माझा होता.

मी दगड झालो. बटण बंद करावं हेसुद्धा सुचेना. माझं लग्नाआधीचं दर्दभरं गीत भर सभेत सुरू झालं! त्यात जोड आले की 'चिक्' असा आवाज होऊन मी एका कडव्यातून तिसऱ्याच कडव्यात उडी मारत होतो. एक तुकडा उलटा जोडला गेला असावा, कारण मध्येच माझा आवाज रजईखालून आल्यासारखा झाला. अण्णा बिचारे साथीला बांधलेले. त्यांनी ठेका धरायचा प्रयत्न केला, सोडला, पुन्हा धरला. शेवटी हात वर करून म्हणाले, "अहो जावई, ह्याच्यात ताल कुठं हाय? मी नुसताच धावतोय!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पण विजू हसला नाही. तो उभा राहिला. "भावजी! तुम्ही आबांच्या भजनावर स्वतःचं गाणं भरलंत?"

सगळी ओटी एकदम गार झाली. टेपवर दुसरं काही भरलं की पहिलं पुसलं जातं, एवढं तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आबांनी चिपळ्या हळूच मांडीवर ठेवल्या. माझ्याकडे बघून ते समजुतीने हसले आणि 'असू दे' अशी मान हलवली. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या हसण्याने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शैला खांबाला टेकून पदर डोळ्यांना लावून उभी होती. मी ते भजन पुसलेलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं! पण मग माझा आवाज आबांच्या रिळावर आला कुठून?

आणि तेव्हा, व्हॉल्व्ह तापून पेटावा तसा, डोक्यात उजेड पडला.

मासिक! वेदवाक्य! गेल्या आठवड्यात मी आबांची टेप तपासली, तेव्हा ती त्यांच्या रिळावरून निघून उजवीकडच्या बिननावाच्या रिळावर गेली. मी शौकीन, ती तशीच राहू दिली. डावीकडे 'आबा' लिहिलेलं रीळ रिकामं उरलं. मग स्वतःचं गाणं ऐकण्यासाठी मी तेच रिकामं रीळ उजवीकडे लावलं! माझं गाणं सुखाने 'आबा'वर गुंडाळलं गेलं. मी चिठ्ठी वाचून ते रीळ आबांच्या खोक्यात ठेवलं आणि उरलेलं बिननावाचं रीळ माझ्या गाण्याच्या खोक्यात!

"शैला!" मी ओरडलो. "माझी पिशवी!"

"आता पिशवीत काय?"

आता सांगायलाच हवं. आबांचं भजन झाल्यावर मंडळी चहा घेत असताना, कुणी आग्रह केलाच तर, माझं एखादं गाणं ऐकवावं म्हणून मी ते दुसरं खोकंही गुपचूप पिशवीत टाकलं होतं. कुणी आग्रह करणार नव्हतं हे आता मला मान्य आहे.

मी चिखलाच्या हातांनी खोकं उघडलं. बिननावाचं रीळ काढलं, यंत्रावर चढवलं आणि टेप उलटी गुंडाळायला लावली. गर्रर्र! ते रीळ पुरतं गुंडाळून होईपर्यंत ओटीवरचं सगळं भजनी मंडळ नुसतं त्या गरगरणाऱ्या चाकांकडे बघत बसलं होतं. विजू माझ्या मानेशी उभा होता, बहुधा मान सोयीची पडावी म्हणून. टेप संपली, फटफट करत थांबली. मी ती पुन्हा लावली. डोळे मिटले. बटण दाबलं.

आधी सूं... असा आवाज. मग एक खाकरणं. भरदार, छातीतलं.

"आबा!" शैला किंचाळली.

आणि मग "रामकृष्ण हरी" असं म्हणत तो आवाज ओटीवर उतरला. खणखणीत. एक चिकचिक नाही, एक ओरखडा नाही! निडीच्या शेतात तो कधी गेलाच नव्हता. माझ्या घरात, कपाटात, माझ्या नावावर सुखाने झोपला होता. अण्णांचा हात मृदंगावर पडला तो असा पडला की टाळकरी पुढे सरसावले. हिरवा डोळा सुरासुराला मिटत होता, उघडत होता. आबा क्षणभर तसेच बसून राहिले, मग त्यांच्या चिपळ्या वाजू लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना हात रिकामा नव्हता. शैला रडत होती, विजू रडत होता, आणि मी एका कोपऱ्यात मटकन बसलो आणि निडीपासून अडवून धरलेला श्वास सोडला. इतकं हलकं मला त्याआधी माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नव्हतं.

भजन संपल्यावर आबांनी खूण करून मला बोलावलं. शैलाने तोवर त्यांना शेताची सगळी हकीकत सांगून टाकली होती. मी कौतुकाच्या अपेक्षेने कान त्यांच्या तोंडाशी नेला. आबा कुजबुजले, "जावईबापू, ती तुमची टेप... त्या बाईला परत देऊन टाका. तिचं पीक उभं आहे."

मी म्हटलं, आबा गंमत करताहेत. पण दोनच दिवसांनी हिराबाय पाटी घेऊन दारात. मला बघून तिने पाटीसुद्धा उतरवली नाही.

"दादा, सापडलं का भजन?"

"सापडलं हिराबाय. ते दुसरीकडेच होतं. तुझ्या शेतात होतं ते माझं गाणं."

"तुमचं व्हय?" तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं. "मंग ते द्या परत. तुमच्या कॅसेटीवर पाखरं झोके घेतात हो, जराबी भीत नाय. ती पट्टी व्हती तवर एक पाखरू उतरलं नाय शेतात!"

मी काही बोलायच्या आत शैला आतून आली, कपाटातून रीळ काढून तिच्या पाटीत ठेवलं आणि वर म्हणाली, "हवी तर दातानं तोड गो, परत मागणार नाही."

दिवाळीनंतर हिराबाय नव्या भाताचे पोहे घेऊन आली. पातळ, पांढरेशुभ्र, घमघमणारे. पैसे घेईना. म्हणाली, यंदा दाणा न् दाणा घरात आला, हे पोहे दादांच्या गाण्याचे. शैलाने पोह्यांना फोडणी दिली, वर ओलं खोबरं पेरलं. मी दोन बश्या खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली. गाण्याबद्दल मला आयुष्यात मिळालेलं मानधन तेवढंच, आणि तेही माझ्या गाण्याने शेतात तोंड बंद ठेवल्याबद्दल!